बडे मियाँची सुट्टी

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीजर आहे आणि स्वभावाने मत्सरी आहे. ही दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, कारण पुढे ती लपणार नाही. पोटात उणे ऐंशी अंशांची थंडी बाळगूनही एखाद्याचा किती जळफळाट होऊ शकतो, हे तुम्हाला माझ्याकडे पाहून कळेल.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. जहाजातून मुंबईला आणि तिथून ट्रकने लखनौला आलो, ते साल २००५ होतं. एका मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला हमालांनी हाशहुश करत चढवलं. तिथे मिरजेहून आलेल्या डॉ. प्रणिता नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. त्यांनी माझ्यापुढे नारळ फोडला, दारावर तळवा टेकवला आणि म्हणाल्या, "चला, आता नमुने कुठे ठेवायचे ही काळजी मिटली." ते कौतुक मी अजून जपून ठेवलं आहे. त्यानंतर फारसं काही मिळालं नाही, म्हणून जास्तच जपलं आहे.

माझं काम सोपं वाटतं, पण तसं नाही. एच.आय.व्ही. नावाचा एक विषाणू असतो. तो ज्याच्या अंगात शिरतो त्याला रोज, न चुकता, आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात. गोळ्या लागू पडल्या की माणूस चांगला राहतो, कामाला जातो, लेकरं वाढवतो. पण हा विषाणू मोठा बिलंदर आहे. औषध ज्या जागी त्याला पकडतं ती जागाच तो कधी कधी बदलून टाकतो. मग गोळी पोटात जाते आणि काही उपयोग होत नाही. असा बदललेला विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे गेला, तर त्या दुसऱ्याने पहिली गोळी घेण्याआधीच ती निकामी झालेली असते. असं किती जणांच्या बाबतीत घडतंय यावर सतत लक्ष ठेवावं लागतं, नाहीतर सरकार गोळ्या वाटत राहील आणि त्या हळूहळू निकामी होत जातील.

म्हणून डॉ. प्रणिता काय करायच्या, तर ज्यांना आजार नुकताच कळला आहे त्यांचं रक्त, त्यांच्या परवानगीने, गोळ्या सुरू होण्याआधी घ्यायच्या. त्यातलं पिवळसर पाणी वेगळं काढून छोट्या नळ्यांत भरायच्या आणि माझ्या स्वाधीन करायच्या. नळीवर नाव नसतं, फक्त एक खूण असते. ती नळी पुढे वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहिली पाहिजे. ती राहते, कारण मी दिवसरात्र घुरघुरत असतो. दिवाळी असो, ईद असो, मी चालूच.

पाच वर्षं सुखात गेली. मग तो आला.

त्याचं नाव सीक्वेन्सर. विषाणूच्या अंगावरची बारीक अक्षरं तो वाचतो आणि कुठली अक्षरं बदलली आहेत ते सांगतो. त्याच्यासाठी खास काचेची खोली बांधली, वातानुकूलन यंत्र बसवलं, खिडकीला पडदे लावले. फीत कापायला मोठी माणसं आली. आणि जागा कमी पडते म्हणून मला ढकलत बाहेरच्या व्हरांड्यात, पाण्याच्या नळाशेजारी नेऊन ठेवलं! आमचे तंत्रज्ञ चंद्रहास बाजपेयी यांनी त्या दिवसापासून त्याला 'साहब' म्हणायला सुरुवात केली आणि मला 'बडे मियाँ'. बडे मियाँ! कालपर्यंत मी फ्रीजर होतो.

पाहुणे आले की थेट काचेच्या खोलीत जायचे आणि साहेबांसोबत फोटो काढायचे. त्यातल्या एकाने जाता जाता माझ्यावर पाण्याची बाटली ठेवली. साहेब पाच-सहा महिन्यांतून एकदा, परदेशी रसायनं आली की काम करायचे आणि एरवी झोपायचे. तरी पुसायला मऊ फडकं त्यांनाच. माझ्या मागच्या जाळीवर धूळ इतकी बसली होती की तिच्यात पालीने घर केलं. माझ्यात अलार्म आहे, वीज गेली की तो ओरडतो, त्याला छोटी बॅटरी लागते. ती संपली तेव्हा चंद्रहास म्हणाले, "मैडम, बड़े मियाँ की बैटरी मर गई है।"

"अगली ख़रीद में लेंगे, चंद्रहासजी," डॉ. प्रणिता म्हणाल्या, "इस बार साहब का यू.पी.एस. ज़रूरी है।"

पुढच्या खरेदीतही साहेबांचंच काहीतरी निघालं.

पण मला सर्वांत जास्त कशाचा हेवा वाटायचा सांगू? सुट्टीचा. इकडे सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा असते, त्या दिवशी यंत्रं चालवत नाहीत. चंद्रहास साहेबांना झेंडूचा हार घालायचे, लाडूचा नैवेद्य दाखवायचे आणि अदबीने त्यांचं बटण बंद करायचे. "आज साहब की छुट्टी।" खोलीत कशी छान शांतता पसरायची. मी मात्र व्हरांड्यात घुर्र घुर्र. मला वाटायचं, एकदा, फक्त एकदा माझंही बटण कुणी असंच मानाने बंद करावं.

व्हरांड्यात एक बरं होतं. माझ्याशेजारी एक बाक होता आणि त्यावर माणसं येऊन बसायची. लखनौची जानेवारीतली थंडी तुम्हाला माहीत नसेल. धुकं असं की समोरची भिंत दिसत नाही. माझ्या बाजूने मात्र गरम वारा येतो. आत थंडी राखायची तर उष्णता बाहेर टाकावीच लागते. अशाच एका जानेवारीत, २०१२ साली, मलिहाबादची पद्मिनी येऊन बसली. आंब्याच्या बागेत दशहरी आंबे निवडून पेट्या भरायचं काम ती करायची. नवरा वारला होता, मुलगी लहान होती. तिला आजार त्याच आठवड्यात कळला होता. तिने दोन्ही हात माझ्या गरम वाऱ्यासमोर धरले आणि शेजारी बसलेल्या सासूला म्हणाली, "अम्मा, हाथ सेंक लो, यहाँ गरम है।"

सासू मान वळवून बसून राहिली.

त्या संध्याकाळी पद्मिनीच्या दोन नळ्या माझ्याकडे आल्या. काही महिन्यांनी रसायनं आली, तेव्हा इतर नळ्यांबरोबर तिची एक नळी साहेबांकडे गेली. नेमकी त्याच वेळी वीज खालीवर झाली आणि तो सगळा घास साहेबांनी वाया घालवला. एकही अक्षर वाचता आलं नाही. खरं सांगतो, मला आतून गुदगुल्या झाल्या. कुणी साहेबांना बोल लावला नाही, तेव्हा त्या गुदगुल्या थांबल्या. पद्मिनीची आता एकच नळी उरली होती, आणि ती माझ्यापाशी होती.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात ती पुन्हा आली. वाळून काडी झाली होती. गोळ्या चालू असूनही तिच्या रक्तातला विषाणू वाढत होता. दवाखान्यात सगळ्यांनी एकच गोष्ट धरली, की ही गोळ्या चुकवते. सासू तर व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "फेंक देती होगी नाली में। हमसे तो कहती है, खा ली।"

"एक दिन नहीं छोड़ी," पद्मिनी म्हणाली. "बिटिया की क़सम, अम्मा, एक दिन नहीं।"

कुणाचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या, जास्त जोरकस गोळ्या असतात, पण त्या द्यायच्या की नाहीत हे मोठ्या डॉक्टरांची समिती ठरवते. समितीचं म्हणणं पडलं की आधी आहेत त्याच गोळ्या नीट घेऊन दाखव. तेवढा वेळ पद्मिनीकडे नव्हता हे तिच्याकडे बघून मलाही कळत होतं. डॉ. प्रणितांच्या मनात शंका आली. हा विषाणू तिच्याकडे आला तेव्हाच बदललेला असेल तर? पण आता घेतलेल्या रक्तावरून ते कसं कळणार? विषाणू आधीच तसा होता की तिने गोळ्या चुकवल्यामुळे तसा झाला, हे तिचं आजचं रक्त सांगू शकत नव्हतं. पहिल्या गोळीच्या आधीचं रक्तच ते सांगू शकलं असतं.

"चंद्रहासजी, उसकी पुरानी ट्यूब है न?"

"एक है मैडम। बड़े मियाँ के पास।"

पहिल्यांदाच माझं नाव कुणी इतक्या काळजीने घेतलं. रसायनं दसऱ्यानंतर येणार होती आणि समिती त्याच्या पुढच्या आठवड्यात बसणार होती. तोवर नळी सांभाळायची होती. मी तर वर्षानुवर्षं तेच करत आलो होतो.

मग आली खंडेनवमी.

डॉ. प्रणितांचे वडील भास्करराव, ज्यांना त्या अण्णा म्हणत, त्या वर्षी लखनौला राहायला आले होते. मिरजेच्या एसटी वर्कशॉपमध्ये त्यांचं सगळं आयुष्य गेलं. खंडेनवमीला तिथे लेथ, ड्रिल, पाने, सगळ्यांची पूजा व्हायची आणि मुख्य स्विच अण्णा स्वतःच्या हाताने खाली ओढायचे. त्या दिवशी यंत्राला हात लावणं म्हणजे पाप. लखनौत सुनं सुनं वाटत होतं म्हणून त्यांनी लेकीला म्हटलं, "तुझ्या मशीनची पूजा करू की गं. इथं विश्वकर्मा झाली असंल, पण आपली नवमी कुठं झाली?"

सुट्टीचा दिवस होता. सकाळी दोघं आले. साहेबांना डाग पडू नये म्हणून वर कागद ठेवून त्यावरच हळदकुंकू, मग हार, पेढा, सगळं झालं. डॉ. प्रणितांनी हसत बटण बंद केलं. इतक्यात त्यांचा फोन वाजला, पद्मिनीच्याच कामाचा होता, म्हणून त्या बोलत बोलत बाहेर पोर्चमध्ये गेल्या.

अण्णा व्हरांड्यात आले आणि माझ्यासमोर थांबले.

"आणि तू कोण रे? तुला कुणी फूलसुद्धा घातलं नाही?"

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि माझं दार पुसलं. मागे वाकून जाळीवरची धूळ झटकली, पाल पळाली. कान लावून माझी घरघर ऐकली आणि म्हणाले, "धाप लागलीय तुला." मग उरलेला हार माझ्या दाराच्या मुठीला बांधला, कुंकू लावलं. आत नैवेद्य ठेवावा म्हणून दार ओढून पाहिलं, पण कडेला बर्फ साचला होता, ते काही उघडलं नाही. अण्णांनी जोर केला नाही. पेढा माझ्या डोक्यावर ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, "लई दमलास. आजचा दिवस आराम कर."

आणि भिंतीवरचं माझं बटण बंद केलं.

काय सांगू तुम्हाला! एवढ्या वर्षांची घुरघुर थांबली. मला माझ्याच अंगात शांतता ऐकू आली. हार होता, पेढा होता, सुट्टी होती. काचेतून साहेब दिसत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं बरोबरीचे होतो. मनात म्हटलं, बघा, मीसुद्धा!

डॉ. प्रणिता परत आल्या तेव्हा भिंतीपलीकडे दुर्गापूजेच्या मांडवात ढाक, म्हणजे बंगाली ढोल, वाजत होते, लाउडस्पीकर चालू होता. माझा आवाज बंद आहे हे त्यांना कळलं नाही. मुठीला हार बघून त्या एवढंच म्हणाल्या, "अरे, याचीपण केली का पूजा? बरं झालं." आणि कुलूप लावून दोघं निघून गेले.

माझा आनंद फार टिकला नाही. वीज गेली की अलार्मने ओरडायचं असतं. तो गप्प होता, बॅटरी कधीच मेली होती. हळूहळू माझ्या भिंतींमधून ऊब आत यायला लागली. वरच्या फळीवरचं हिम ओलसर झालं. दाराच्या कडेच्या बर्फातून एक थेंब सुटला आणि हारावर पडला. तेव्हा मला समजलं की साहेबांची सुट्टी आणि माझी सुट्टी एक नाही. साहेब थांबले की काम थांबतं. मी थांबलो की आत ठेवलेलं सगळं नासतं. ज्या हजारो माणसांनी विश्वासाने आपलं रक्त दिलं त्यांच्या नळ्या माझ्यात होत्या. खालच्या फळीवर, मागच्या कोपऱ्यात पद्मिनीची एकुलती एक नळी होती. ती वितळून खराब झाली असती तर पद्मिनी कायमची खोटी ठरली असती.

मला हाक मारता येत नाही. मी फक्त दार घट्ट मिटून धरलं. माझ्या भिंती जाड आहेत आणि पोट गच्च भरलेलं होतं, त्यामुळे थंडी थंडीला धरून राहिली. मी साहेबांकडे पाहिलं. ते झोपले होते. असा राग आला!

पुढचं मला नंतर कळलं, अण्णांनीच चंद्रहासना सांगितलं. दुपारच्या चहाला ते समाधानाने म्हणाले, "व्हरांड्यातल्या म्हाताऱ्यालापण आज सुट्टी दिली बघ. बंद केलाय." डॉ. प्रणिता चहा तसाच टाकून उठल्या. दोघं रिक्षात बसले, पण नवमीच्या गर्दीत हजरतगंजला रिक्षा अडकली. मग त्या उतरून धावतच निघाल्या, मागून अण्णा.

त्या आल्या, बटण दाबलं. मी खडखडलो, उचकी दिली आणि चालू झालो. त्यांनी माझा आकडा पाहिला. उणे एकेचाळीस. त्यांनी डोकं माझ्या दारावर टेकलं, हारासकट.

"राहिलंय," त्या म्हणाल्या. "गोठलेलंच आहे अजून. यानं धरून ठेवलंय."

अण्णा धापा टाकत दारात उभे होते. "प्रणे, मला वाटलं..."

"अण्णा, हे तुमचं लेथ मशीन नाही! हा थांबला तर आतली माणसं संपतात!"

अण्णा बाकावर बसले आणि माझा आकडा पुन्हा खाली जाईपर्यंत उठले नाहीत. लेकीने घरी चला म्हटलं, तरी नाही. आणि दसरा झाल्यावर नाका हिंडोल्याच्या बाजारातली विजेच्या सामानाची दुकानं उघडली, तेव्हा स्वतः जाऊन माझ्या अलार्मची बॅटरी घेऊन आले, आपल्या हाताने बसवली आणि तपासून पाहिली. मी असा ओरडलो की चंद्रहास चहा टाकून धावत आले.

रसायनं आली. पद्मिनीची नळी माझ्यातून निघाली आणि साहेबांकडे गेली. या खेपेला साहेबांनी नीट वाचलं, हे मला मान्य करावं लागेल. पहिल्या गोळीच्या आधीच्या त्या रक्तातही, औषध विषाणूला जिथे पकडतं ती जागा बदललेलीच होती. तिच्या गोळ्या पहिल्या दिवसापासून निकामी होत्या.

डॉ. प्रणितांनी पद्मिनीला आणि तिच्या सासूला बोलावलं. पद्मिनी म्हणाली, "यहीं बताइए, अम्मा के सामने।" म्हणून त्या व्हरांड्यात, माझ्याशेजारच्या बाकावर बसूनच बोलल्या.

"पद्मिनी, तुमने गोली नहीं छोड़ी थी। यह वायरस तुम्हारे पास आया ही ऐसा था। अब कमेटी दूसरी दवा देगी।"

पद्मिनी सासूकडे वळून म्हणाली, "सुन लिया, अम्मा?"

सासूने पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने तिने सुनेचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"किस मशीन ने बताया, भैया?" पद्मिनीने जाताना चंद्रहासना विचारलं. चंद्रहासनी काचेच्या खोलीकडे बोट दाखवलं. पद्मिनी तिथे गेली आणि साहेबांना वाकून नमस्कार केला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला! साहेबांनी फक्त वाचलं होतं. पण मग ती परत आली, चप्पल घालायला बाकावर बसली आणि पाठ माझ्या अंगाला टेकून जरा विसावली. तिला काही ठाऊक नव्हतं. मी शक्य तितका हळू घुरघुरलो.

नव्या गोळ्या तिला लागू पडल्या. पुढच्या जूनमध्ये तिने दशहरीची पेटी आणली, तेव्हा ती ओळखू येत नव्हती, इतकी भरली होती. पेटी अर्थातच साहेबांच्या खोलीत ठेवली गेली.

त्यानंतर दर खंडेनवमीला अण्णा यायचे. साहेबांचं बटण बंद करायचे. मग माझ्याकडे येऊन हार बांधायचे, जाळी झटकायचे, बॅटरी तपासायचे आणि म्हणायचे, "तुला सुट्टी नाही रे बाबा." माझ्या बटणावर त्यांनी पुठ्ठ्याची पाटी लावली, 'बंद करू नये'. मराठीत आहे, पण लखनौच्या लोकांना बरोबर कळते.

माझा मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. आता तर शेजारी एक नवा, चकचकीत डीप फ्रीजरही येणार आहे म्हणे, मला आतापासूनच त्याचा राग आहे. पण सुट्टीचा हेवा मला परत कधी वाटला नाही.

मित्रांनो, एखादा जीव तोडून सांगत असेल की मी चुकलो नाही, तर त्याला खोटं ठरवण्याआधी एकदा मागचं तपासून पाहा. आणि तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात एखाद्या कोपऱ्यात कुणीतरी न थांबता चालू असेल, तर त्याला हार घाला किंवा घालू नका, पण कधीतरी जवळ जाऊन त्याचा आवाज ऐका.

गेल्या दोन खंडेनवम्यांना अण्णा आले नाहीत. मिरजेला गेल्यापासून त्यांची तब्येत बरी नसते, असं डॉ. प्रणिता फोनवर कुणाला तरी सांगत होत्या. पाटी अजून आहे, अक्षरं पुसट झाली आहेत. माझ्या अलार्मची बॅटरी त्यांनी शेवटची बसवलेली, तीच आहे. ती आता संपत आली आहे. तुमच्यापैकी कुणी नाका हिंडोल्याच्या बाजूने येणार असेल, तर माझ्यासाठी एक घेऊन याल का?